आधी मसावि, मग सेमीकोलन

फर्स्ट इयरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला काय होतं? फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, स्क्रीनवर ‘हॅलो वर्ल्ड’ आणायचं, जर्नल लिहून सही घ्यायची. एक सेमीकोलन राहिला की इंग्रजीतून एररची रांग लागते. मराठी माध्यमातून आलेले कितीतरी जण तिथेच ठरवून टाकतात, ‘हे काही आपल्याला झेपणार नाही!’ माझं स्पष्ट मत आहे, की इथे चुकतो तो विद्यार्थी नाही, शिकवण्याचा क्रम चुकतो.

मित्रहो, आपण सगळे शाळेत भागाकार पद्धतीने मसावि काढायचो. १०७१ आणि ४६२ घ्या. १०७१ ला ४६२ ने भागलं, बाकी १४७. ४६२ ला १४७ ने भागलं, बाकी २१. १४७ ला २१ ने भागलं, बाकी शून्य. मसावि २१. ही रीत इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या युक्लिडच्या ग्रंथात आहे. हाच अल्गोरिदम! ठरलेल्या पायऱ्या, तेच काम पुन्हा पुन्हा आणि थांबण्याची अट. बाकी दर वेळी लहान होत जाते, म्हणून ही रीत कधीतरी थांबणारच. एवढं उमगलं की ‘व्हाइल लूप’ समजला. उरलं ते स्पेलिंग.

दुसरं उदाहरण जर्नल्सचंच. रोल नंबरप्रमाणे लावलेल्या हजार जर्नल्समधून आपलं शोधायचंय. वरून एकेक बघत गेलात तर हजारही बघावी लागतील. मधलं बघा, नको तो अर्धा गठ्ठा बाजूला सारा, पुन्हा मधलं बघा. जास्तीत जास्त १० वेळा! जर्नल्स दहा लाख असली तरी २० वेळा. मात्र गठ्ठा क्रमाने लावलेला नसेल तर ही युक्ती फुकट. ‘बायनरी सर्च’ ती हीच.

न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ नावाने अशाच गोष्टी मशीनशिवाय, पत्त्यांचे खेळ घेऊन शाळकरी मुलांना शिकवल्या. मग आपल्याला काय अडचण आहे?

सर म्हणतील, सिलॅबस पुरा होत नाही. मान्य. पण फक्त पहिली दोन प्रॅक्टिकल्स मशीन बंद ठेवून कागदावर घेऊन बघा. कोणी म्हणेल, हल्ली एआय क्षणात कोड लिहून देतं. मग तर याची गरज जास्तच! तो कोड थांबेल का, शून्य दिलं तर काय करेल, हे तपासणार कोण?

आणि सिनियर्स, ज्युनियरला तयार प्रोग्रॅम कॉपी करून देण्याआधी अर्धा तास रूमवर कागद-पेन घेऊन बसवा. समजावा आपल्या मराठीत. अल्गोरिदमला राग येत नाही.