विमानकंपन्यांचा नफा आणि वैमानिकांची झोप

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठी विमानकंपनी इंडिगो हिची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हा आकडा हजाराच्या वर गेला. दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील विमानतळांवर प्रवासी रात्ररात्र खोळंबले. या गोंधळात एक सूर हेतुपुरस्सर लावण्यात आला : वैमानिकांना जादा विश्रांती देणाऱ्या नव्या नियमांमुळे हा अनर्थ ओढवला! हा आरोप तपासून पाहणे आवश्यक आहे.

नवे नियम होते तरी काय? वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्यात आली. पूर्वी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मोजली जाणारी रात्र सहापर्यंत मोजावी आणि रात्रपाळीत सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवावे, असे ठरले. पहाटेच्या प्रहरी मानवी शरीर सर्वाधिक मंदावते, आणि नेमक्या त्याच वेळी शेदीडशे जिवांचा भार वैमानिकावर असतो, हे ज्याला कळते त्याला यात चैन दिसणार नाही.

हे नियम एका रात्रीत आलेले नव्हते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. १ जून २०२४ पासून होणारी त्यांची अंमलबजावणी कंपन्यांच्या विरोधामुळे पुढे ढकलली गेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे कंपनीला जवळपास दोन वर्षे मिळाली. तेवढ्या अवधीत पुरेसे वैमानिक नेमले गेले नाहीत, नेमणुका रोखून धरण्यात आल्या, असे वैमानिकांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितले. नियोजनात त्रुटी राहिल्याची कबुली कंपनीलाही द्यावी लागली.

आणि सरकारने काय केले? ज्या कंपनीने नियम पाळण्याची तयारी केली नाही, तिलाच रात्रपाळीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली! साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा दाखवता येणार नाही, हे कलमही मागे घेण्यात आले. देशातील साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या हाती असले की कायदा कोणापुढे वाकतो, याचा हा धडा आहे. इतर कंपन्यांची भाडी आभाळाला भिडल्यावर ६ डिसेंबरला भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली. खुली बाजारपेठ प्रवाशाचे हित आपोआप सांभाळते, या सिद्धान्ताची ही परिणती!

स्वस्त तिकिटाचे गणित कोणाच्या जिवावर जुळते, हेही पाहिले पाहिजे. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते. त्यानंतर विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण असते. हा सारा खर्च कोटीच्या घरात जातो आणि तो बहुधा घर किंवा जमीन गहाण ठेवून उभा केला जातो. प्रशिक्षणाचा खर्च कामगाराचा, त्याच्या कौशल्याचा नफा मात्र मालकाचा! कर्जाच्या ओझ्याखाली वावरणारा हा तरुण थकलो म्हणून उड्डाण नाकारील कसा? नोकरी सोडायची तर २०१७ च्या आदेशाने सहवैमानिकाला सहा महिने आणि कप्तानाला एक वर्ष आधी सूचना देण्याचे बंधन घातले. कंपनीला मात्र असा अडसर नाही. याच इंडिगोने जुलै २०२० मध्ये महामारीचे कारण पुढे करून दहा टक्के कर्मचारी कमी केले होते.

तरीही कामगार सर्वस्वी असहाय नाहीत. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. कंपनीने २५ जणांना बडतर्फ केले. परंतु मुख्य कामगार आयुक्तांपुढे बोलणी होऊन दोनच दिवसांत तिला ही बडतर्फी मागे घ्यावी लागली. एकेकट्या कर्मचाऱ्याला जे कधीच साधले नसते, ते एकजुटीने साधले.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांच्या स्वाधीन झाली. प्रादेशिक मार्गांवरील छोटी अलायन्स एअर वगळता, डिसेंबरच्या संकटात प्रवाशांसाठी धावून जाईल अशी सार्वजनिक विमानसेवा देशाकडे उरली नव्हती, हे विसरता येणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. विश्रांतीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला सूट नको. केबिन कर्मचाऱ्यांनाही तसेच संरक्षण हवे. प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारने आणि कंपन्यांनी उचलावी. उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशाला न मागता भरपाई मिळावी. वैमानिकाची झोप आणि प्रवाशाचा जीव एकाच दोरीला बांधलेले आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव कामगारांनी आणि प्रवाशांनी मिळून उधळून लावला पाहिजे.