कैकेयीचा हात आणि ट्रॉलीची पिन

कैकेयीला दोन वर का मिळाले, हे आपल्याकडचे कीर्तनकार फार रंगवून सांगतात. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निखळली. राजाला पत्ता नव्हता. कैकेयीने तिथे आपला हात घातला आणि लढाई संपेपर्यंत चाक जागेवर धरून ठेवले. बुवा मग घाईने मंथरेकडे वळतात, कारण पुढे वनवास उभा असतो. खिळीचे पुढे काय झाले ते कोणी विचारत नाही. अयोध्येच्या सुताराने नंतर रथांच्या खिळा बदलल्या की नाही, यावर एकही कीर्तन नाही.

वाहनाच्या सुरक्षिततेची आपली ही बहुधा सर्वांत परिचित कथा. त्यात आपण हाताचे कौतुक केले, खीळ विसरलो. माझ्या मते आजही तसेच चालले आहे.

हे सुचायला निमित्त झाले बुऱ्हाणपूर. नात्यातल्या एका लग्नासाठी तिथे जाणे झाले. सुट्टी शिल्लक होती म्हणून दोन दिवस जास्त राहिलो. गोव्यातून जाणाऱ्याला हे गाव मध्य प्रदेशात आहे हे पटत नाही, इतके मराठी कानावर पडते. तापीकाठचा शाही किल्ला पाहिला. मुमताज महल १६३१ मध्ये याच गावात वारली आणि आधी इथेच पुरली गेली, ताजमहाल नंतरचा. कुंडी भंडाराही पाहिला. रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेली ही पाण्याची योजना. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, निव्वळ उताराच्या जोरावर गावाकडे आणलेले. पंप नाही, रहाट नाही. मोडायला काही ठेवलेच नाही, म्हणून चारशे वर्षे टिकले. यंत्र करणाऱ्यांनी एकदा तरी बघून यावे असे ठिकाण.

पण माझे लक्ष खरे वेधले ते रस्त्याने. इंदूरहून खंडवा, असीरगड, बुऱ्हाणपूर करीत इच्छापूरला महाराष्ट्राच्या हद्दीला भिडणारा हा रस्ता. दक्खनचे दार म्हणतात ते हेच. एकेकाळी इथून वंजाऱ्यांचे हजारो बैलांचे तांडे धान्य वाहत. आता केळी जातात. बुऱ्हाणपूर, रावेर, सावदा हा सलग केळीचा पट्टा. राज्याची हद्द फक्त नकाशावर. बागेतून ट्रॉलीने माल बाहेर येतो, मजूर पानांचे अंथरूण करून तो ट्रकमध्ये रचतात. फळाला धक्का लागू नये म्हणून केवढी काळजी! आणि त्याच मालावर, ताडपत्रीच्या दोरीला धरून, ते रचणारे मजूर बसून जाताना दिसतात. त्यांच्याखाली पान नाही आणि वर टपही नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक रात्री उलटला. त्यातून रावेरकडे परतणारे १५ मजूर मालाखाली सापडून गेले. बुऱ्हाणपूरहून रावेर म्हणजे हाकेच्या अंतरावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दसऱ्याच्या दिवशी, शेजारच्या खंडवा जिल्ह्यात पंधानाजवळ देवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात कोसळली. ११ जण बुडाले, त्यांत लेकरे बरीच. प्रत्येक वेळी पंतप्रधानांपासून सर्वांनी हळहळ व्यक्त केली, मदत जाहीर झाली. ती हवीच. पण माल वाहण्यासाठी केलेल्या गाडीत माणसे का होती, हा प्रश्न तेराव्याच्या आत मावळला.

तिथल्या एका वेल्डिंगच्या दुकानात बराच वेळ बसलो होतो. ट्रॉल्या दुरुस्त करायचे काम. मालक खानदेशी मराठीत बोलणारा, माझ्याहून वयाने थोडा मोठा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन त्याने हातात दिली. मनगटाएवढी जाड, खालच्या टोकाला भोक. त्या भोकात क्लिप अडकवायची, म्हणजे खड्ड्यात हिसका बसला तरी पिन वर उडणार नाही. "क्लिप हरवते हो भाऊ," तो म्हणाला, "मग लोक तार बांधतात, नाहीतर तशीच चालवतात." ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारी जादा साखळी ठेवतात का, असे विचारले. पिन निसटलीच तर ट्रॉली मागच्या माणसावर जाऊ नये म्हणून ती असते. तो हसला. त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईक साखळी मागत नाही, फळ्या उंच करून मागते. फळ्या उंच म्हणजे माल जास्त. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक बसवून द्या असे सांगणारा गिऱ्हाईक त्याला आठवेना. म्हणजे कित्येक टन ओझे घाटात एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि ड्रायव्हरच्या नशिबावर. गाडी बंद पडली की दुसऱ्या गाडीला दोर बांधून टोचन करून नेतात, तेव्हाही तेच. दोर ओढतो, थांबवत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये आगगाडीसाठी हवेचा ब्रेक काढला. इंजिनातून दाबाची हवा सोडायची, ती पाइपातून डब्यांकडे जाऊन ब्रेक आवळायची. छान. पण डबे तुटून वेगळे झाले किंवा पाइप फुटला, की नेमका तेव्हाच ब्रेक गायब. वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये सगळा हिशेबच उलटा केला. पाइपात हवा आहे तोवर ब्रेक सुटलेला. हवा गेली की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक आपोआप आवळणार. बिघाड झाला की गाडी थांबलीच पाहिजे, सुटता कामा नये. आजच्या मोठ्या ट्रकांतही हवेचा दाब पार गेला तर मागच्या चाकांचे ब्रेक स्प्रिंगने आवळले जातात. मी कला शाखेचा माणूस, यंत्रातले मला काही कळत नाही, पण ही कल्पना मला एखाद्या चांगल्या कवितेइतकी सुंदर वाटते. माणूस चुकणार, वस्तू तुटणार, हे आधीच धरून चालायचे. कैकेयीच्या हाताची गरजच पडू द्यायची नाही.

मग असे शोध आपल्या रस्त्यावर का रुजत नाहीत? शोध कमी पडतात म्हणून नव्हे. व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. तो पट्टा निदान बांधणाऱ्याचाच जीव वाचवतो, तरी आपण पोलीस दिसला की खांद्यावरून ओढून धरतो. ट्रकच्या मागच्या आडव्या दांड्याचे तर त्याहून कठीण. मोटार किंवा दुचाकी ट्रकखाली घुसू नये म्हणून तो असतो. १९६७ मध्ये जेन मॅन्सफिल्ड ही नटी अशाच अपघातात गेली, म्हणून अमेरिकेत त्याला तिचेच नाव पडले. आपल्याकडेही नियम आहे, दांडा जमिनीपासून ५५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको, हेही ठरले आहे. पण त्याचा खर्च ट्रकमालकाचा आणि फायदा मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा. अशी वस्तू बाजारात आपणहून कोणी विकत घेत नाही. पासिंगच्या दिवशी ती असते, एवढेच. वेल्डिंगवाल्याचा हिशेब याच्याशी तंतोतंत जुळला: फळीचा पैसा परत येतो, साखळीचा येत नाही.

ओझे हलके करणाऱ्या शोधांचे आणखी वेगळे. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीला जुवाखाली तिसरे चाक लावले. 'सारथी' हे त्याचे नाव. मानेवरचा भार चाक घेते, बैल नुसते ओढतात. त्याचा फोटो देशभर फिरला आणि मलाही मनापासून बरे वाटले. पण लगेच शंका आली की मान हलकी झाली म्हणून गाडीवान आणखी दोन मोळ्या चढवील. शंका कुत्सित वाटेल, पण ट्रकांचे तसेच झाले. २०१८ मध्ये सरकारने चार चाकांच्या आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. गाड्या सुधारल्या, रस्ते सुधारले, हे कारण. म्हणजे सुधारणेतून जे काही सुरक्षिततेच्या खात्यावर जमा झाले असते, ते आपण मालाच्या खात्यावर वळते करून घेतले. आमच्या गोव्यात २०१२ पर्यंत खाणींचे टिप्पर धावत होते, तेव्हा हाच हिशेब कुडचड्याच्या रस्त्यावर रोज दिसे.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर कोकण रेल्वेचेही सांगतो. तिने मडगावात स्कायबस उभारली. २००४ मध्ये चाचणीत डबा आपटून एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे तो सांगाडा मोडीत निघाला. त्याच रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णे रो-रो सुरू केली. भरलेला ट्रक उघड्या वाघिणीवर चढवायचा, चाके बांधायची आणि रेल्वेने न्यायचे. घाट टळला, रात्रीचे जागरण टळले. त्यात दिपवणारे काही नाही. रॅम्प, साखळ्या, पाचरी. ट्रकवाल्यांनी मात्र ती उचलून धरली, कारण डिझेल वाचते. सुरक्षितता इथे खर्चात बसली म्हणून चालली.

बुऱ्हाणपूरची केळीही रावेर-सावद्याहून आगगाडीने उत्तरेला गेली आहेत, पण बागेपासून मंडीपर्यंत ट्रॉली राहणारच. ट्रॉली बंद करा असे कोणी म्हणू नये, शेतकऱ्याचे पोट तिच्यावर आहे. मला वाटते पाहणी रस्त्यावर नको, मंडीच्या आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हवी. तिथे ट्रॉली थांबतेच आणि माणूस बसलेलाच असतो. त्याने खाली वाकून क्लिप आणि साखळी पाहावी, मागे जाऊन रिफ्लेक्टर पाहावा आणि मालावर मजूर बसून आले असतील तर काट्याची पावती देऊ नये. वीस वर्षे कारकुनी केली आहे, म्हणून सांगतो. माणूस दंडाला तितका भीत नाही, पावती अडली की मात्र धावतो. क्लिपा शेजारच्या चहाच्या टपरीवर विकायला ठेवल्या तरी चालतील.