४९ दिवसांची जीप

परवा ऑफिसात मॅनेजरने मीटिंगमध्ये जीपच्या जन्माची स्लाईड दाखवली. "बघा, १९४० साली ४९ दिवसांत अख्खी गाडी उभी केली. आपल्याला तर साधं पोर्टल करायचंय!" सगळे हसले, मीपण हसलो. पण गोष्ट अर्धीच सांगितली होती. म्हणून हा शनिवारचा उद्योग.

तर जुलै १९४०. फ्रान्स नुकताच पडलेला. अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. अटी काय, तर वजन १३०० पौंड (म्हणजे जेमतेम ५९० किलो), ६०० पौंड भार वाहायची क्षमता आणि पहिली गाडी ४९ दिवसांत. टेंडर भरलं फक्त दोघांनी. विलीजची किंमत कमी होती, पण त्यांनी ७५ दिवस मागितले. काम मिळालं बॅंटमला.

बॅंटम म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, दिवाळखोरीच्या काठावरची छोटी कंपनी. त्यांनी डेट्रॉईटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. पठ्ठ्याने दोन दिवसांत आराखडा काढला. १३०० पौंडांत ही गाडी बसणार नव्हती, तरी टेंडरमध्ये वजन अटीत बसणारंच लिहिलं गेलं. (आपण नाही का डोळे मिटून 'कम्प्लायंट' लिहित!) इंजिन कॉन्टिनेंटलचं, अ‍ॅक्सल स्पायसरचे, गिअरबॉक्स वॉर्नरचा. २३ सप्टेंबरला दुपारी साडेचारला गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या छावणीत पोचली. मुदत पाचची होती.

स्लाईड इथेच संपते.

पुढे असं झालं की बॅंटमला एवढं उत्पादन झेपणार नाही असं सैन्याला वाटलं, आणि तिचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले गेले. नोव्हेंबरपर्यंत दोघांच्याही गाड्या हजर! वजनाची मर्यादा २१६० पौंडांवर गेली. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांची ऑर्डर विलीजला मिळाली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. बॅंटमच्या वाट्याला तीनेक हजारांहून कमी गाड्या आणि नंतर ट्रेलर. जीप आपणच घडवली अशी जाहिरात विलीज करत राहिली. १९४८ साली फेडरल ट्रेड कमिशनने तो दावा खोडून काढला, पण 'जीप' हा ट्रेडमार्क १९५० मध्ये विलीजलाच मिळाला. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत जोडली तीही विलीजचीच जीप.

माझं मत विचाराल तर सैन्य चुकलं नाही. विलीजचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन खरंच सरस होतं, आणि युद्धात लाखो गाड्या लागतात. पण ४९ दिवस जमले ते नुसत्या जिद्दीवर नाही. बाजारात तयार भाग होते, ठरवायला एक जाणता माणूस होता आणि चुकीची अट बदलायला तयार असलेला क्लायंट होता. या तीन गोष्टी नसतील तर ४९ हा नुसता आकडा आहे. हे मी सोमवारी मॅनेजरला सांगणार आहे.

दुसरी गोष्ट सांगायला जरा जड जातंय. मागच्या वर्षी आमच्या एका प्रोजेक्टचा प्रोटोटाईप टीममधल्या ज्युनिअर पोराने तीन आठवडे रात्री जागून बनवला. मी त्यात सुधारणा केल्या, वेग वाढवला, क्लायंटला डेमो दिला. डेमोत सगळीकडे 'मी' आणि 'आम्ही'. त्याचं नाव एकदाही नाही. तो काही बोलला नाही. नंतर दुसरीकडे निघून गेला.

इतके दिवस जीपची गोष्ट वाचताना मी स्वतःला बॅंटम समजत होतो. परवा मीटिंगमध्ये लक्षात आलं, आपण तर विलीज!

त्या पोराला काल मेल लिहिली. क्लायंटला लिहायची अजून बाकी आहे. तीही सोमवारी.