परभणीचे केंद्र परभणीचेच राहू द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली



आमचे गाव पोखर्णी, नृसिंहाचे. परभणी–परळी लोहमार्गावर आमच्या देवाच्या नावाचे स्थानक आहे. आमच्या परभणीत आकाशवाणी १९६८ साली आली, कृषी विद्यापीठाच्याही चार वर्षे आधी. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ हा तिचा पत्ता. या केंद्राकडे आमचे पहिले मागणे आहे: त्याने आमच्या शिवाराचे बोलावे, आणि त्यासाठी त्याला माणसे व वेळ तुम्ही द्यावा.

पुण्याहून प्रादेशिक बातम्या येतात, त्या हव्यातच. पण जुलैत पंधरा दिवस पावसाचा खंड पडला की पोखर्णीच्या शेतकऱ्याला राज्याचा अंदाज पुरत नाही. मराठवाड्यातला पाऊस जिंतुरात एक, गंगाखेडात दुसरा. सोयाबीनमध्ये कोळपे घालावे का, फवारणी दोन दिवस थांबवावी का, वाफसा कधी होईल, हे त्याला विचारायचे असते. उत्तर देणारी माणसे परभणीतच बसतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हवामान तज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला काढतात. तो सल्ला आमच्या बोलीत, सावकाश, दिवे लागल्यावर माणूस घरी आलेला असताना वाचावा आणि सकाळी पुन्हा वाचावा. त्याला जोडून जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाणीपाळी आणि मोंढ्यातला भाव सांगावा. हे काम दिल्ली-मुंबईच्या सहक्षेपणातून होणार नाही.

मोबाइल आहे की, असे म्हटले जाते. मोबाइलवर अंदाज ढिगाने येतात, पण खाली नाव कुणाचेच नसते. अंदाज चुकला तर जाब कुणाला विचारायचा? सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीवर जो पाऊस कोसळला, तसा पाऊस पुन्हा होणारच आहे. अशा रात्री वीज जाते, टॉवर बंद पडतात. तेव्हा दोन सेलवर चालणारा रेडिओ ज्याच्या घरात आहे त्याला तरी धरणातून किती पाणी सोडले, कोणता पूल बंद आहे हे कळले पाहिजे. एका घराला कळले की गल्लीला कळते. त्यासाठी केंद्रावर रात्रीही जिवंत माणूस हवा, आणि जिल्हा प्रशासनाचा निरोप मिळताच चालू कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार त्याला हवा.

मध्यम लहरी जुन्या झाल्या म्हणून प्रक्षेपक मोडीत काढू नका, ही दुसरी विनंती. या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. शंभर वॅटचा एफएम तालुक्यापलीकडे क्वचितच पोचतो. मोबाइलवर मध्यम लहर लागत नाही हेही खरे, म्हणून एफएम जरूर द्या. पण तो भरपूर शक्तीचा असावा, आणि तो येईपर्यंत १३०५ चालू राहावे.

पैशाचा प्रश्न येईल. १९९० च्या प्रसार भारती कायद्याने शेती, ग्रामविकास, आरोग्य आणि प्रदेशांच्या विविध भाषा-संस्कृती यांची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. तीत नफ्याचा हिशोब पहिला नाही. रिक्त पदांवर कार्यक्रम अधिकारी नेमा, नैमित्तिक निवेदकांना नियमित काम आणि योग्य मोबदला द्या. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला, तेव्हा पुण्यातून आवाज उठला आणि आदेश थांबला. परभणीपाशी तेवढे बळ नाही. म्हणूनच परभणीबाबत असा काही निर्णय होण्याआधी हे लिहितो आहे.

आणि ऐकणाऱ्यालाही बोलू द्या. याच महाराष्ट्रात १९५६ साली आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा गाव एकत्र बसे, कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी आणि आपले प्रश्न केंद्राला कळवी. जगभरच्या अभ्यासकांनी त्या प्रयोगाची दखल घेतली. परभणी केंद्राने तो आता पुन्हा करावा, पहिले मंडळ पोखर्णीत काढावे. बसायला जागा आणि चहा गावाचा.

एक काम मात्र थांबू शकणार नाही. आमच्या भागात जात्यावर ओव्या म्हटलेल्या बाया आता थकल्या आहेत. जनाबाईचे गंगाखेड इथून जवळ. या पट्ट्यात ओवी घरोघर होती. सुनांना ओव्या येत नाहीत, कारण पीठ गिरणीवरून येते. ध्वनिमुद्रणाचे साहित्य घेऊन केंद्राची माणसे या उन्हाळ्यात गावोगाव यावीत. म्हणणारीचे नाव, गाव आणि दळताना बसायची पद्धत यांसकट नोंद व्हावी. केंद्राच्या जुन्या फितींत जे काही असेल तेही डिजिटल करून श्रोत्यांना खुले करावे.

उत्तर टपालाने पाठवले तरी मिळेल. पण १३०५ वरून दिलेत तर सगळ्या श्रोत्यांना ते एकदमच कळेल, आणि पुढे विचारणाही त्यांना करता येईल.

आपला,
पोखर्णीचा एक शेतकरी श्रोता