विश्लेषण : लाच गोव्यात, दंड अमेरिकेत… असे का घडते?

लाच दिली गोव्यात, कबुली आली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आणि दंड गेला अमेरिकेच्या तिजोरीत. ज्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पासाठी हे घडले, त्याच्या कर्जाचा बोजा मात्र आपल्याच माथी राहिला. लुईस बर्जर प्रकरण दहा वर्षे जुने झाले तरी त्याने विचारलेला प्रश्न अजून ताजा आहे.

प्रकरण काय होते?

लुईस बर्जर ही न्यू जर्सीतील बांधकाम सल्लागार कंपनी. भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमध्ये सरकारी कामे मिळवण्यासाठी १९९८ ते २०१० या काळात ३९ लाख डॉलरची लाच दिल्याचे तिने जुलै २०१५ मध्ये मान्य केले. गोव्यातील प्रकल्पाला जपानच्या ‘जायका’ संस्थेचे कर्ज होते. या एका प्रकल्पासाठीच सुमारे ९ लाख ७६ हजार डॉलर वाटल्याची नोंद अमेरिकी कागदपत्रांत आहे. हिशेबात या रकमा ‘कमिटमेंट फी’सारख्या निरुपद्रवी नावांखाली दडवलेल्या होत्या.

कंपनीने १ कोटी ७१ लाख डॉलरचा दंड भरला. दोन माजी अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. गोव्यात गुन्हा नोंदवला गेला तो या कबुलीनंतर. मग एका माजी मंत्र्याला अटक झाली, माजी मुख्यमंत्र्यांची चौकशी झाली. दोघांनीही आरोप फेटाळले.

अमेरिकेला अधिकार कुठून आला?

‘फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस ॲक्ट’ अर्थात एफसीपीए या १९७७ च्या कायद्यातून. अमेरिकी कंपनीने किंवा अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या परदेशी कंपनीने दुसऱ्या देशातील सरकारी अधिकाऱ्याला लाच दिली, तर तो अमेरिकेत गुन्हा ठरतो. जर्मनीच्या सीमेन्सला २००८ मध्ये याचा फटका बसला. मात्र तिथे जर्मनीनेही स्वतःचा खटला चालवला आणि दोन्ही देशांत मिळून कंपनीला सुमारे १६० कोटी डॉलर मोजावे लागले. घरचा कायदा जागा असला की हिशेब घरीही होतो.

भारतीय कायदा काय सांगतो?

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. लाच देणाऱ्याला आता सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार केल्यास संरक्षण मिळते. कंपनीलाही दंड होतो. लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था होती, हे सिद्ध केले तरच तिची सुटका. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत दरवर्षी ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ दाबत आपण जे लाचविरोधी ऑनलाइन प्रशिक्षण उरकतो, त्यामागे हे कारणही आहे.

मग त्रुटी कुठे?

भारतीय कंपनीने परदेशातील अधिकाऱ्याला लाच दिली, तर त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारावर भारताने २०११ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी लोकसभेत विधेयकही आले, पण ते पुढे बारगळले. विधी आयोगाने २०१५ मध्ये नवा मसुदा दिला, त्याचाही कायदा झाला नाही.

आताच का बोलायचे?

कारण अमेरिकेचाच हात आता सैल पडतो आहे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये एफसीपीएखालील नव्या तपासांना १८० दिवसांची स्थगिती दिली. या कायद्यामुळे अमेरिकी कंपन्या स्पर्धेत मागे पडतात, असा त्यांचा युक्तिवाद. जूनमध्ये तपास पुन्हा मोकळे झाले, पण अधिक निवडक निकषांवर.

म्हणजे उद्या एखाद्या परदेशी कंपनीने आपल्या नळयोजनेत हात धुऊन घेतले, तर न्यू जर्सीतून बातमी येईलच याची खात्री नाही. निविदा आपली, अधिकारी आपले आणि कर्ज फेडणारेही आपणच. मग चोरी पकडण्याचे काम परक्यांवर किती दिवस सोपवायचे? परदेशी लाचखोरीचे रखडलेले विधेयक पुन्हा आणणे आणि परदेशातून कबुली येण्याची वाट न पाहता आपल्या प्रकल्पांचे हिशेब तपासणे, ही दोन कामे सरकारला आजही करता येतील. पाण्याचे बिल भरणाऱ्या प्रत्येकाने ती मागायला हवीत.