गोष्ट आहे म्हणून काय झालं?

परवा पुतण्याकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर त्याच्या मुलीने 'रोग वन' हा स्टार वॉर्समधला 2016 चा चित्रपट लावला. त्यात जेधा नावाच्या शहरावर एक अजस्र युद्धनौका अधांतरी उभी आहे. पाण्यात नव्हे, हवेत! खाली बाजार भरलेला, माणसं निवांत ये-जा करताहेत. आमच्या आठवीतल्या बाईसाहेबांनी विचारलं, "बाबा, ही पडत कशी नाही?" पुतण्या म्हणाला, "अगं, पिक्चर आहे तो. बघ गुपचूप."

मंडळी, माझं भांडण चित्रपटाशी नाही, या उत्तराशी आहे.

मी मराठी माध्यमातला बी.ए. माणूस. पण हा हिशेब करायला आठवीचं विज्ञान पुरतं. चित्रपटात माणसं आपल्यासारखीच चालतात, श्वास घेतात. तेव्हा हवा आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीसारखंच धरू. नौकेची लांबी 1,600 मीटर सांगतात. वजनासाठी आपली 2022 साली नौदलात आलेली 'विक्रांत' घ्या: 262 मीटर लांब, सुमारे 45,000 टन. ही नौका सहा पटींहून थोडी जास्त लांब, म्हणजे घनफळ सव्वादोनशे पट. वजन झालं एक कोटी टन. रुंदी 900 मीटर धरली तर त्रिकोणी तळाचं क्षेत्रफळ 7 लाख 20 हजार चौरस मीटर. भागाकार करा: दर चौरस मीटरला 14 टन!

आता गंमत बघा. आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला जेमतेम 10 टन. म्हणजे नौकेच्या वरची सगळी हवा शोषून काढली, तरी खालच्या हवेच्या दाबाने ती उचलली जाणार नाही.

काही जण म्हणतात, तिचा आकार विमानासारखा नाही म्हणून ती उडणार नाही. हेही चूकच. पंखाला पुढे धावावं लागतं. एका जागी उभं राहणाऱ्याला पंखाचा काय उपयोग? हेलिकॉप्टरसारखी हवा खाली ढकलायला हवी. किती जोराने? संपूर्ण तळातून ढकलली तरी जवळजवळ ध्वनीच्या वेगाने. माझा वजनाचा अंदाज दहापट चुकला असं समजा; तरी वारा ताशी 380 किलोमीटरच्या आसपास सुटेल. त्या बाजारातली एक चादर तरी जागेवर राहील का?

पुतण्या म्हणाला, "काका, त्यांच्याकडे रिपल्सरलिफ्ट नावाचं यंत्र असतं." असू दे की! पण ते यंत्र खालच्या जमिनीला रेटत असेल, तर न्यूटनचा तिसरा नियम आहेच. तेच 14 टन शहराच्या प्रत्येक चौरस मीटरवर येणार. गुरुत्वाकर्षणच रद्द करत असेल, तर मी हरलो, नौका पडणार नाही. मात्र वजन पुरतं नाहीसं झालं तर हवाच तिला फुग्यासारखी वर ढकलेल! थोडं वजन शिल्लक ठेवावंच लागेल.

ज्यूल व्हर्नने 1886 साली 'रोबर' ही कादंबरी लिहिली. त्यातल्या हवाई जहाजाला त्याने 37 डोलकाठ्या आणि त्यांवर 74 पंखे दिले. ते तसं उडालं असतं की नाही हा भाग वेगळा, पण हवा खाली ढकलल्याशिवाय वर जाता येत नाही, हे त्याने मानलं. वाचकाला त्याने "गुपचूप वाच" असं सांगितलं नाही.

आणि आता खरं सांगतो, पुतण्याला बोलायचा मला फारसा अधिकार नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका मुलाने वर्गात विचारलं होतं, "सर, इतक्या पंख्यांनी ते जहाज खरंच उडेल का?" मी मराठीचा तास घेत होतो. म्हणालो, "गोष्ट आहे ती. बस खाली." तो बसला. त्यानंतर वर्षभर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला ती शिस्त वाटली होती.

कल्पनेला गणित लावलं की मजा जाते, हे मला मान्यच नाही. ज्या गोष्टीवर प्रश्न विचारावासा वाटतो, तीच पोराच्या मनात शिरलेली असते. आपण त्याला गप्प करतो ते गोष्टीच्या प्रेमापोटी नव्हे, आपल्याला उत्तर येत नाही म्हणून. येत नसेल तर सरळ सांगावं, आणि कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसावं.

त्या रात्री आम्ही दोघांनी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे हा सगळा हिशेब केला. उरलेला चित्रपट तिने डोळे विस्फारून पाहिला आणि दर पाच मिनिटांनी विचारत राहिली, "आजोबा, आणि हे?"

असो. पुतण्या हे वाचेलच. रागावू नकोस रे, पण पुढच्या वेळी यादीचा कागद जरा मोठा आण.