‘पुन्हा’ या शब्दाविषयी

व्यसनाची गोष्ट सांगण्याची एक रीत मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली आहे: पतन, यातना, उपचार, सुटका. सुटका झाली की पुस्तक मिटावयाचे. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिले, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. त्यानंतर सुशिक्षित वाचक या माणसांकडे काहीशा सहानुभूतीने पाहू लागला, हे खरेच. परंतु ही सहानुभूती गोड शेवटावर फार विसंबून आहे. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा विचार करताना आम्हांस ही अडचण प्रकर्षाने जाणवते.

हा विषाणू रक्तातून जातो. सुईने नशा करणाऱ्यांत तो एकमेकांच्या सिरिंजमधून पसरतो. चमचा आणि कापूस सामाईक वापरल्यानेही पसरू शकतो. एके काळी त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे पेगासिसची महागडी इंजेक्शने. २००६ साली रोश कंपनीस भारतात त्याचे पेटंट मिळाले. त्यास विरोध केला तो मुंबईत अशाच लोकांसाठी काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने, आणि नोव्हेंबर २०१२मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे गोळ्या आल्या. बहुतेकांना बारा आठवडे पुरतात; शंभरांतील नव्वदांहून अधिक बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफत मिळतो.

येथे गोष्ट संपावी अशी आपली अपेक्षा असते. ती संपत नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे उरतात. मात्र ती त्याचे रक्षण करीत नाहीत. शरीरास जुन्या संसर्गाची आठवण राहते, ढाल मिळत नाही. या आजारावर लसही नाही. म्हणूनच प्रतिपिंडांची साधी चाचणी अशा माणसाविषयी नवे काही सांगू शकत नाही. विषाणूचा आरएनए शोधावा लागतो. धोका कायम असणाऱ्यांना ही तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी देता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सुचविले आहे.

पुन्हा लागण झाली की आपण चटकन म्हणतो, ‘उपचार वाया गेला.’ या वाक्यास आमची हरकत आहे. पहिला विषाणू नाहीसा झाला, तितका काळ यकृत वाचले, त्या माणसाकडून दुसऱ्याकडे होऊ शकणारा प्रसार थांबला. यांतले वाया काय गेले? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संकलनानुसार, नशा सुरू असलेल्यांतही वर्षाकाठी शंभरांत सुमारे सहा जणांना पुन्हा लागण होते. उरलेल्यांची गोष्ट आपण ऐकत नाही. आणि या सहांना कृतघ्न ठरवितो. मलेरिया दुसऱ्यांदा झालेल्या रुग्णास औषध देताना त्याचे चारित्र्य कोणी तपासत नाही.

शिवाय ‘पुन्हा’ हा शब्द सारा दोष माणसावर टाकतो आणि परिस्थितीस मोकळे सोडतो. सुईऐवजी जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मुख्यतः रोज केंद्रावर, कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागते. मुंबईच्याच हद्दीतील मनोरीचा विचार करा. तेथल्या कोणास मालाडच्या बाजूस यावयाचे तर फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्वे गाठावे लागते, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा घ्यावा लागतो. मजुरी सांभाळून हे रोज करणे कितीजणांना साधेल? ज्या दिवशी ते साधत नाही, त्या दिवशी नवी सिरिंज हाताशी आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरते.

तेव्हा दुसऱ्यांदा लागण झालेल्यास दुसऱ्यांदा औषध मिळावे, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदाही. सोबत नव्या सिरिंजा आणि घराजवळ गोळी मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. साहित्य शिकणाऱ्या-शिकविणाऱ्या आपणांकडे गोळ्या वाटण्याचे काम नाही. पण माणसाची गोष्ट कोठे संपली असे मानावयाचे, हे शिकविण्याचे काम आपलेच आहे. आणि शेवट गोड नसलेली गोष्टही शेवटपर्यंत वाचावयाची असते, एवढे तरी आपल्या वर्गांत सांगितले जावे.